कुणाच्या नावे टाकू?

देवाचे आणि बँकेचे एका बाबतीत अगदी सारखे आहे. दोघांचेही हेड ऑफिस वर असते. आमच्या शाखेत काहीही बिघडले तरी ते 'वरून' बिघडलेले असते. लिंक गेली? वरून गेली. नोटा संपल्या? वरून आल्या नाहीत. व्याजाचा दर उतरला? वरून सर्क्युलर आले. दोन तास ताटकळलेल्या पेन्शनर आजोबांना "आजोबा, वरूनच बंद आहे" असे सांगितले, की ते नकळत छताकडे बघतात, "असो, त्याची इच्छा" म्हणतात आणि पुन्हा बाकावर जाऊन बसतात. छताला आमचा पंखा असतो. तोही बंदच असतो, पण तो मात्र वरून नव्हे. तो आमच्या हेडकॅशियरना वारा सोसत नाही म्हणून खालून बंद केलेला असतो.

चांगले काही घडले, की हा हिशेब उलटा होतो. ठेवींचे टार्गेट पुरे झाले, की ते मॅनेजरसाहेबांच्या कुशल नेतृत्वामुळे. त्यात 'वर'चा काही संबंध नाही. देवळात नेमके याच्या उलट चालते. मुलगा पास झाला की देवाची कृपा, आणि नापास झाला की "मेल्या, अभ्यास केला नाहीस!" तिथे जमा सगळी देवाची आणि नावे सगळे माणसाचे. मात्र संकट एका मर्यादेपलीकडे गेले, की ते पुन्हा देवाकडे जाते. दुधाचे पातेले उतू गेले तर सूनबाईंचे लक्ष नव्हते. अख्खे गाव वाहून गेले तर देवाची करणी. म्हणजे आमच्या कर्जमंजुरीसारखेच. लहान रकमा शाखेच्या अधिकारात, मोठ्या रकमा वर.

जगात एवढे दुःख आहे त्याला जबाबदार देव की माणूस, या प्रश्नावर विद्वानांनी दोन-अडीच हजार वर्षे डोके शिणवलेले आहे. देव दयाळू असेल आणि सर्वशक्तिमानही असेल, तर हे सगळे चालू कसे देतो, असा तो पेच आहे. मी बी. कॉम. पाव्हणा. मला तत्त्वज्ञानातले कळत नाही. पण प्रत्येक रक्कम कुणाच्या तरी नावे पडलीच पाहिजे, त्याशिवाय टॅली होत नाही, एवढे कॉलेजात शिकलो आणि वीस वर्षे काउंटरवर तेच करतो आहे. तेव्हा प्रश्न माझ्यापुरता सोपा करून घेतो. दुःखाची ही एवढी थोरली रक्कम कुणाच्या नावे टाकायची?

आपल्या पूर्वजांनी यासाठी दोन खाती उघडून ठेवली होती. आस्मानी आणि सुलतानी. पाऊस पडला नाही, टोळधाड आली, पटकी आली, की आस्मानी. फौज आली, सारा वाढला, गाव लुटले, की सुलतानी. किती सुटसुटीत व्यवस्था! आमच्या संगणकातसुद्धा इतके स्वच्छ वर्गीकरण नाही. तिच्यात दोष एकच होता. पोस्टिंग करायला सुलतानाचा कारकून बसलेला असायचा. साहजिकच आस्मानी खाते फुगत जायचे. शिवाय त्या खातेदाराचा स्वभाव असा, की त्याच्या नावे काहीही टाका, तो कधी तक्रार घेऊन काउंटरवर येत नाही, स्टेटमेंट मागत नाही, सहीचा नमुना जुळत नाही म्हणून भांडत नाही. असा गिऱ्हाईक सापडल्यावर कोण सोडतो?

इंग्रजांनी या खात्याला कायद्यात जागा दिली. 'ॲक्ट ऑफ गॉड', म्हणजे आपली 'देवाची करणी आणि नारळात पाणी'. कॉलेजात मर्कंटाइल लॉचा पेपर असायचा तेव्हा हे शब्द पहिल्यांदा भेटले. आपल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यातले ९३ वे कलम जरूर वाचून पाहा, फार करमणूक होते. मालाची नुकसानी कुठल्या कारणाने झाली तर रेल्वेची जबाबदारी नाही, त्याची तिथे यादी आहे. पहिला नंबर देवाचा. दुसरा युद्धाचा. तिसरा सार्वजनिक शत्रूचा. चौथा जप्तीचा. आणि पाचवा केंद्र व राज्य सरकारच्या हुकमांचा. देव, शत्रू आणि सरकार एकाच पंगतीला बसलेले दुसऱ्या कुठल्या ग्रंथात मी पाहिलेले नाहीत. पण या यादीच्या खाली एक पुरवणी आहे, आणि परीक्षेत तिच्यावर कुणी प्रश्न विचारत नसे. पुरवणी म्हणते, की यांपैकी एखादे कारण सिद्ध झाले तरी रेल्वे तेवढ्यावर सुटत नाही. आपण योग्य ती दूरदृष्टी आणि काळजी घेतली होती, हेही तिने सिद्ध करायचे आहे. म्हणजे देवाने केले हे कबूल, पण त्या वेळी तुम्ही काय करत होता?

हा प्रश्न माझ्या अंगावर आला तो २०२३ साली, लॉकरच्या निमित्ताने. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरचे नवे नियम काढले आणि जुन्या लॉकरधारकांकडून नवे करारनामे करून घ्यायची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत गेली. ते वर्षभर आम्ही स्टॅम्पपेपरच्या ढिगाखाली होतो. लोक करार न वाचता सही करायचे, कारण करार न वाचण्यासाठीच असतो अशी आपली श्रद्धा आहे. अपवाद एका निवृत्त शिक्षिका आजींचा. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि करारनामा पेपर तपासावा तसा तपासायला घेतला.

"हे काय लिहिलंय रे? आग लागली, चोरी झाली, दरोडा पडला, इमारत कोसळली, तर बँक जबाबदार. भाड्याच्या शंभरपट भरपाई."

"हो आजी."

"आणि भूकंप, पूर, वीज, वादळ ही देवाची करणी. त्याला बँक जबाबदार नाही."

"हो आजी."

"मग भूकंपाने इमारत कोसळली तर?"

मी मॅनेजरसाहेबांकडे पाहिले. साहेबांनी छताकडे पाहिले आणि म्हणाले, "वर विचारतो."

आजींनी चाळीस वर्षे वर्ग सांभाळलेला. त्या म्हणाल्या, "वर विचारून काय उपयोग? तोच तर आरोपी आहे. तुम्ही एवढंच सांगा, ही इमारत बांधली कुणी?" करारात पुढे बँकेने आपली जागा अशा संकटांपासून जपण्याची योग्य काळजी घ्यावी, असे एक वाक्य आहे. आजींनी त्याच्याखाली लाल शाईने रेघ मारली, समासात बरोबरची खूण केली आणि मग सही केली.

आजींचा प्रश्न मी घरी घेऊन आलो, कारण त्याचे उत्तर मला लहानपणापासून ठाऊक होते. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाचे दिवस. लोक रात्री उशिरा येऊन झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून साडेसात हजारांहून जास्त माणसे गेली. मी तेव्हा शाळेत होतो. मोठी माणसे हलक्या आवाजात बोलायची, "बाप्पाला निरोप दिला आणि त्याच रात्री..." पुढे काही बोलायची नाहीत. एंट्री पडून गेलेली होती. आस्मानी.

आता दुसरे व्हाउचर पाहू. १७ ऑक्टोबर १९८९, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर. भूकंप किल्लारीपेक्षा मोठा, हा ६.९ चा, किल्लारीचा सव्वासहाच्या आसपासचा. या मोजपट्टीवर अर्ध्या-पाऊण आकड्याच्या फरकाने शक्तीत साधारण दहापटीचा फरक पडतो. त्या दहापट भूकंपात माणसे गेली ६३. आणि त्यांतलीही ४२ एकाच दुमजली उड्डाणपुलाखाली सापडलेली. देव अमेरिकेत सवलतीच्या दराने भूकंप देतो असे मानायचे नसेल, तर फरक दुसरीकडे शोधायला हवा. तो भिंतीत होता. किल्लारीकडची घरे जाडजूड दगडी भिंतींची, दगड जोडलेले मातीने, आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. जमीन हलल्यावर ही भिंत धरून राहत नाही, आणि वरचा भार सरळ अंथरुणावर येतो. माणसे भूकंपाने मेली नाहीत, घरांनी मारली.

इथे कुणी लगेच पेन सरसावेल, "चला, म्हणजे माणसाच्या नावे!" थांबा. कुठल्या माणसाच्या? हे काम आम्हा कारकुनांच्या नेहमीच्या अनुभवाचे आहे. 'ह्यूमन एरर' म्हटले की ती वरच्या ह्यूमनची कधीच नसते, सगळ्यांत खालच्या ह्यूमनची असते. जो गेला, त्याने हौसेने का तसे घर बांधले होते? रानात दगड होता, गावात पांढरी माती होती, उन्हाळ्यात घर गार राहायचे, आणि सिमेंट-लोखंडाला पैसा नव्हता. सरकारी नकाशात तो भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला. आदल्या वर्षी, १९९२ साली, तिथे हादरे बसले होते. जमिनीने आगाऊ नोटीस दिली होती. ती नोटीस वाचायची कुणी, नकाशा बदलायचा कुणी, साधे-स्वस्त पण न पडणारे घर कसे बांधावे हे गावोगाव सांगायचे कुणी? ती रक्कम तिकडे नावे पडते. मेलेल्याच्या खात्यावर टाकणे सगळ्यांत सोपे असते, कारण तोही स्टेटमेंट मागत नाही.

हा वाद आपल्याकडचाच आहे असे नाही. पोर्तुगालची राजधानी लिस्बन १ नोव्हेंबर १७५५ रोजी अशीच कोसळली. त्या दिवशी सर्व संतांचा सण. माणसे चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग समुद्राच्या लाटा, मग आग. देवाच्या घरात, देवाच्या दिवशी, देवाची माणसे! साऱ्या युरोपची श्रद्धा हादरली. व्होल्तेरने कविता लिहून 'जगात जे आहे ते ठीकच आहे' म्हणणाऱ्यांची हजामत केली आणि पुढे १७५९ मध्ये त्याच रागातून 'कांदीद' लिहिली. त्याला रूसोने पत्र लिहून उत्तर दिले. उत्तराचा मथितार्थ असा, की दाटीवाटीने सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरे तिथे काही निसर्गाने नेऊन ठेवली नव्हती. आणि पहिल्या धक्क्यानंतर पळून जायचे सोडून कुणी कपडे घ्यायला थांबला, कुणी कागदपत्रे, कुणी पैसे, त्यांचे काय? हे वाचून बँकेचा माणूस म्हणून मी थोडा ओशाळलो. पैशाला थांबायला लावणे हाच आमचा धंदा.

दोन थोर लेखक असे भांडत असताना पोंबाल नावाच्या मंत्र्याने मात्र एक कारकुनी काम केले. गावोगावच्या पाद्र्यांना छापील प्रश्न धाडले: धक्का किती वेळ टिकला, घरे किती पडली, समुद्र आधी आत आला की बाहेर गेला? भूकंप का झाला हे विचारले नाही. कसा झाला, ते विचारले. मग नव्या घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचे पिंजरे घालायला लावले. राजेसाहेबांनी तर दगडी छपराखाली झोपायचेच सोडून दिले. ते तंबूत आणि लाकडी वाड्यात राहू लागले. हा देवावरचा अविश्वास नव्हे. गवंड्यावरचा.

आमच्या शाखेत शिपाईमामा आहेत. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची रजा जानेवारीतच टाकणारे. त्यांना मी हे सगळे ऐकवले.

मामा म्हणाले, "बरोबर हाय की साहेब. देवानं माणसाला अक्कल दिली, हात दिले, निवड दिली. आता चेकबुक दिल्यावर रक्कम कुणी कशी लिहायची त्याला देव काय करणार?"

मी म्हटले, "मामा, तुम्ही बँकेत आहात. कोऱ्या चेकवर सही करून दिली, तर रक्कम कुणीही भरो, पैसे कुणाच्या खात्यातून जातात?"

"सहीवाल्याच्या."

"मग? देवानं सही करून कोरे चेक वाटले. तो सुटतो कसा?"

मामांनी चहाचे कप गोळा केले. दाराशी जाऊन वळले. "साहेब, मग चेकबुक न देता खातं उघडलं असतं तर चाललं असतं का तुमाला? नुसतं पासबुक. दुसऱ्यानं केलेल्या एंट्र्या बघायच्या जन्मभर."

मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. पण मामांनाही माझ्या चेकचे उत्तर सुचलेले नाही, एवढे समाधान आहे. आमचा सामना बरोबरीत आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात आली. या दोन खात्यांतली भिंत कायम एका जागी नसते. देवीच्या रोगाचेच घ्या. या रोगाचे नावच आपण 'देवी' ठेवले होते! म्हणजे व्हाउचरवर खातेदाराचे नाव छापूनच यायचे. देवी आल्या म्हणायचे, त्यांना राग येईल म्हणून घरात मोठ्याने बोलायचे नाही. १७९६ मध्ये जेन्नरने लस काढली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतातले ते पहिले टोचणे. त्या दिवसापासून ते व्हाउचर हळूहळू सरकू लागले. लस नव्हती तोवर गेलेले मूल देवीने नेले म्हणता येत होते. लस आल्यावर गेलेले मूल कुणी नेले? जिथे ती पोचवली नाही तिथे न पोचवणाऱ्याने, आणि जिथे पोचूनही दंड पुढे केला नाही तिथे समज न देणाऱ्याने. भारतातला शेवटचा रोगी १९७५ मधला. म्हणजे औषध दारात येऊन रोग घराबाहेर जायला १७३ वर्षे लागली. या १७३ वर्षांतले नावे देवीच्या खात्यावर टाकायला माझा हात धजत नाही. १९८० साली जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. देवी गेल्या, त्या देवाने नेल्या नाहीत. दारोदार हिंडून टोचणाऱ्या 'देवी डॉक्टरां'नी नेल्या.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. सगळे माणसाच्या नावे, बेरीज जुळली, घरी चला. पण बेरीज जुळत नाही.

ज्यांना वारा सोसत नाही ते आमचे हेडकॅशियर. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांची कॅश एका रुपयाने कमी आली नाही की जास्त आली नाही. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग निघाला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिला ठेवले होते. भेटायला जाणारा प्रत्येक जण हातात शहाळे आणि तोंडात कारण घेऊन जायचा. एक म्हणाला, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. दुसऱ्याने बिस्किटे, मोबाइल, बाहेरचे खाणे अशी आईबापांच्या कसुरींची यादी काढली. तिसऱ्या एक बाई होत्या. त्या मायेने पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं असतं हो काहीतरी."

वहिनी इतके दिवस एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सात वर्षांची आहे ती. तिचं पासबुक किती जुनं काढाल?"

बाई गेल्या. हेडकॅशियर जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. मला म्हणाले, "तू सांग. ही एंट्री मी कुणाच्या नावे टाकू?"

मला त्या वेळी रूसो आठवला नाही आणि व्होल्तेरही नाही. त्या मुलीने काही निवडले नव्हते. तिच्या आईबापांनीही नाही. सरकारनेही नाही. पेशी वाढता वाढता कुठेतरी बिघडली. का बिघडली, याला डॉक्टरांकडे बोट दाखवता येईल असे कारण नव्हते. मी म्हटले, "साहेब, सस्पेन्सला टाका."

आमच्याकडे सस्पेन्स खाते असते. ज्या रकमेचे खाते आज कळत नाही ती तिथे ठेवायची. ही पळवाट नव्हे, उलट प्रामाणिकपणा आहे. कळत नाही म्हणून ती दिसेल त्याच्या नावे दडपायची नाही: देवाच्या नाही, आईच्या नाही, त्या पोरीच्या मागच्या जन्माच्या तर नाहीच. पण सस्पेन्सचा दुसराही नियम आहे. तिथे टाकून विसरायचे नाही. ऑडिटर येतो तो आधी तेच खाते उघडतो आणि विचारतो, ही रक्कम इतके दिवस पडून का? शोध घेतला का? या रोगाचीच रक्कम शतकानुशतके तशी पडून होती. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी औषधाने काही मुलांचा हा रोग काही महिने तरी मागे हटतो हे दाखवले. तेव्हा ते अल्पजीवी यश होते. आज या रोगाचा जो प्रकार मुलांत जास्त आढळतो, त्यात चांगल्या इस्पितळात वेळेवर उपचार मिळाले तर दहापैकी आठ-नऊ मुले बरी होतात.

हेडकॅशियरांची मुलगी त्या आठ-नवांत निघाली. अडीच वर्षे लागली. शाखेतल्या निम्म्या लोकांनी रक्त दिले, मामांनी तर त्या आषाढीला रजाच घेतली नाही; हेडकॅशियरांना सुटीच्या दिवसांना माणूस हवा होता. ती आता दहावीला आहे आणि गणितात बापासारखी नाही, एवढीच घरात चिंता आहे.

पण शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. तोच रोग, तेच वय. तो लांबच्या गावाहून आलेला. तापाचे निदान होईपर्यंत महिने गेले, मग म्हैस विकेपर्यंत काही आठवडे, मग मुंबईत उतरायला जागा मिळेपर्यंत आणखी काही दिवस. एका सकाळी ती खाट रिकामी होती. नर्सने चादर बदलली. हेडकॅशियर त्या खाटेकडे बघत म्हणाले, "रोग सस्पेन्सला टाकलास, ठीक आहे. उशीर कुठे टाकू?"

तो उशीर मी अजून घेऊन फिरतो आहे. त्याच्यावर देवाचे नाव नाही, एवढे मला पक्के दिसते. बाकी नावे बरीच आहेत, आणि यादी खाली खाली येत माझ्यासारख्यांपर्यंत पोचते, ज्यांना कधीच म्हैस विकावी लागली नाही.

हा प्रश्न मी मामांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी तुकोबांचे नाव काढले. वारकऱ्याचा वाद तिथेच जाऊन थांबतो. १६३० च्या आगेमागे पडलेल्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकान बसले. देवाशी ते असे भांडले, की आम्ही झोनल मॅनेजरशी तसे भांडलो तर बदली होईल. देवाची सुटका त्यांनी केली नाही आणि देवाला सोडलेही नाही. पण घरात पिढीजात सावकारीची खतपत्रे होती. दुष्काळाने बुडालेल्या कुळांची कर्जे. परंपरा सांगते, की तुकोबांनी त्या कागदांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले, आणि आपल्या वाट्याचे निम्मे इंद्रायणीत बुडवले. पाऊस का पडला नाही याचा जबाब देवाकडून येईपर्यंत ते थांबले नाहीत. उरलेल्या निम्म्यावर त्यांचा अधिकार नव्हता, म्हणून आपले निम्मेही त्यांनी हातात धरून ठेवले नाही.

मामा हे सांगताना शाखेत क्षणभर अगदी शांतता झाली. लिंक गेलेलीच होती. मॅनेजरसाहेबसुद्धा केबिनच्या दारात येऊन ऐकत उभे राहिले होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि गंभीरपणे विचारले,

"आणि त्या कान्होबाच्या निम्म्याची रिकव्हरी झाली का हो?"